चेनवाल्यांचा शनिवार

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चेनवाले राहतात. त्यांचं आडनाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर दिसतं. बाकी सगळ्यांसाठी ते चेनवाले. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मध्ये एक पडदा, तोही कुणाच्या तरी फाटक्या तंबूच्या कापडाचा. पाठीवरच्या सॅकची चेन बिघडली, पट्टा तुटला, बक्कल फुटलं की अर्धं गाव त्यांच्याकडे येतं. मी वरच्या मजल्यावर राहतो आणि माझी गॅलरी बरोबर त्यांच्या दुकानाच्या डोक्यावर येते. त्यामुळे खालचं मला जे कळतं ते आपोआप कळतं. आमची ही म्हणते, मी खुर्ची कठड्याला लावून बसतो. म्हणू दे.

चेनवाल्यांची कामाची एक पद्धत आहे. पट्टा शिवून झाला की ते सॅक तशीच गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. तिच्यात कापडाचे तागे, दोन जुन्या इस्त्र्या असं आठ-नऊ किलो वजन भरतात, पाठीवर चढवतात आणि बस स्टँडपर्यंत चालत जातात. तिथल्या चौकशीच्या खिडकीला वळसा घालून मागच्या गल्लीने परत येतात. मान खाली, अंगठा पट्ट्याखाली, सगळं लक्ष कानात.

"कच्चा टाका बोलतो," ते मला एकदा सांगत होते. "पण लबाड असतो. जाताना गप्प बसतो, येताना बोलतो."

सव्वीस वर्षं हा माणूस रोज दोन-तीनदा पाठीवर सॅक घेऊन स्टँडवर जातो आणि एकाही गाडीत न बसता घरी येतो. अशी संधी मी कशाला सोडतोय? मी वरून ओरडायचो, "काय चेनवाले, निघालात?" आणि वीस मिनिटांनी, "आलात? कसा झाला प्रवास? हवा कशी होती तिकडची?" ते वर न बघता नुसता हात हलवायचे.

हवेचं मी गमतीने विचारायचो, पण तिकडची हवा त्यांच्या घरात खरोखरच येत होती. शिवायला घेण्याआधी सॅक झटकावी लागते. तिच्यातून वाळकी पानं पडतात, तिकिटं पडतात, एकदा तर कुणाचा तरी अख्खा मोजा पडला. आणि सगळ्यात जास्त पडते ती पांढरी बारीक रेती. ही रेती तळ्याची. आमच्यापासून एक बस आणि एक पॅसेंजर एवढ्या अंतरावर एक मोठं तळं आहे. पोरंसोरं शनिवारी तिथं जातात, काठावरच्या धर्मशाळेवजा खोल्यांत स्वस्तात झोपतात आणि रविवारी परत येतात. सोमवारी त्यांच्या सॅक चेनवाल्यांकडे. मंगळवारी वहिनी, म्हणजे चेनवाल्यांच्या मिसेस, ती रेती झाडून काढतात.

"घरात तळ्याची रेती पाव पोतं झाली असेल," त्या आमच्या हिला म्हणाल्या होत्या. "तळं तेवढं बघायचं राहिलंय."

लग्न झालं त्या वर्षी चेनवाल्यांनी त्यांना शब्द दिला होता, तळ्यावर नेतो. मग वहिनी दर वर्षी विचारायच्या, "तळ्याचं काय झालं?" मला वर स्पष्ट ऐकू यायचं. चेनवाले म्हणायचे, "या सुट्टीत नक्की." पण जगाला सुट्टी लागते तेव्हाच यांच्या दुकानात रांग लागते. सगळे जाणारे, सगळ्यांना शुक्रवारपर्यंत सॅक पाहिजे. चार वर्षांपूर्वी तर वहिनींची तयारी झाली होती, नवी चप्पलसुद्धा घेतली होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी एका शाळेच्या अकरा सॅक आल्या. त्या रात्री वहिनींनी चप्पल परत खोक्यात ठेवली. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

यंदा एका दुपारी मी सहज खाली गेलो, तर चेनवाले दाताखाली दोरा धरून बसले होते. दोरा काढून म्हणाले, "ती विचारायची तेव्हा कटकट वाटायची हो. आता विचारतच नाही. परवा रेती झाडत होती, मी म्हटलं, किती पांढरी आहे ना? तर म्हणते, पाय उचला."

मला थट्टा सुचेना. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

पुढच्या आठवड्यात दुकानावर पाटी लागली: शनिवार-रविवार दुकान बंद. इमारतीत खळबळ. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कोण गेलं हो त्यांच्याकडचं?"

"कोणी नाही. तेच चाललेत."

"अगं बाई! कुठं?"

"तळ्यावर. दोघं. जोडीनं."

पंधरा मिनिटांत सगळ्या मजल्यांना कळलं. यात माझा काही हात नाही; मी एकीलाच सांगितलं होतं.

तयारी बघण्यासारखी होती. चेनवाल्यांनी शंभर पानी वहीत सगळा बेत लिहिला. सकाळी सव्वासहाची बस. पावणेनऊला जंक्शन. नऊ दहाची पॅसेंजर, दिवसातून ही एकच. दहा वाजता शेवटचं स्टेशन, मग पाऊण तास पायी. रिक्षा करायची नाही, बाहेर जेवायचं नाही, डबा घरचा, चादरी घरच्या. सगळा खर्च एका सॅकच्या नव्या चेनेइतका बसत होता, याचा त्यांना फार अभिमान. आणि सॅक? ती त्यांनी स्वतः शिवली, उरलेल्या निळ्या कॅनव्हासची. पट्ट्याच्या मुळाशी त्यांचा तो तीन आडव्या टाक्यांचा शिक्का, जो गावातल्या निम्म्या सॅकवर आहे. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत गिऱ्हाइकांची कामं उरकत होते. स्वतःची सॅक त्यानंतर पुरी झाली. तिची स्टँडपर्यंतची फेरी तेवढी राहिली.

आमच्या हिने वहिनींना विचारलं, "काय मग, उद्या तळं?" त्या म्हणाल्या, "बघू. अजून गाडीत बसले नाहीये."

शनिवारी पहाटे साडेपाचपासून मी गॅलरीत. सहाला पाच कमी असताना दोघं बाहेर पडले. चेनवाल्यांच्या पाठीवर ती निळी सॅक, चादरी-डब्यांनी टम्म फुगलेली. वहिनींच्या हातात पाण्याची बाटली आणि पायात तीच चार वर्षांपूर्वीची नवी चप्पल.

"तुम्ही पुढं व्हा, जागा धरा," वहिनी म्हणाल्या. "मी वर किल्ली देऊन येते. शनिवारची गर्दी असेल, खिडकी सोडू नका."

चेनवाले निघाले. मी ओरडलो, "काय चेनवाले, निघालात?" या वेळी त्यांनी मान वर केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आणि असे हसले की मला उगाचच खाली वाकून कुंडीची माती दाबावी लागली.

वहिनी वर आल्या, हिच्याकडे किल्ली दिली, दुधवाल्याचं सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं, मग पळत गेल्या. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा घेऊन परत गॅलरीत आलो, तर मागच्या गल्लीतून कोण येतंय? मान खाली, अंगठा पट्ट्याखाली, आपले चेनवाले!

मला वाटलं, काही विसरलं असेल. मी कप घेऊनच खाली उतरलो. त्यांनी दुकानाच्या पायरीवर सॅक उतरवली होती, खिशातून सुई-दोरा काढला होता आणि डाव्या पट्ट्याचं मूळ उलटं करून बघत होते.

"काय हो, झालं काय?"

"डावा पट्टा बोलतोय," ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "जाताना गप्प होता. चौकशीच्या खिडकीपाशी आलो आणि कर्र केलं त्यानं. तरी मला वाटलंच होतं, एक टाका..."

"आणि वहिनी?"

"वहिनी काय?"

मी हातातल्या कपानेच स्टँडच्या दिशेला खूण केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सॅककडे, मग रस्त्याकडे. सुई हातातून पडली ती अजून सापडलेली नाही.

पाय, हो! पट्टा बोलला तशी मान खाली गेली, मान खाली गेली तसे पाय चालू लागले, खिडकीला वळसा घातला आणि घरी घेऊन आले. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी. त्या दोघांत एकच फोन, तो वहिनींकडे.

"भाऊजी, हे काय करतायत ते जरा बघता का? म्हणजे, घरी आहेत का बघा."

"आहेत. माझ्या समोरच आहेत."

"काय करतायत?"

खोटं बोलायची मला चांगली सवय आहे, पण त्या क्षणी जमलं नाही. "शिवतायत," मी म्हणालो.

पलीकडून नुसता गाडीचा आवाज. झालं होतं असं: वहिनी स्टँडवर पोचल्या तेव्हा बस भरत होती. खिडकीतून बघितलं तर मागून तिसऱ्या बाकावर निळी सॅक. वर चढून पट्ट्याचं मूळ तपासलं. तीन आडवे टाके. मग आणखी काय पाहिजे? सॅक आहे म्हणजे नवरा आहे, गेला असेल कुठंतरी चहाला, येईल. त्या शेजारी खिडकीत बसल्या. गाडी सुटली. पहिल्या वळणावर पुढून एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकू, ती सॅक माझी आहे."

मी फोन चेनवाल्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "अगं... अगं, तू उतर. पुढच्या थांब्यावर उतर, मी येतो." मग बराच वेळ ऐकत राहिले. फोन माझ्या हातात देताना चेहरा पडलेला होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आता उतरले तर या जन्मी पुन्हा चढायची नाही. उतरत नाही. तुम्ही या."

"मग निघा की!"

"पुढची बस पावणेदहाला. जंक्शनला सव्वाबारा. पॅसेंजर तोवर..." त्यांनी वही काढली, उघडली, आणि तशीच मिटली.

पावणेदहाच्या बसला मी स्वतः त्यांना सोडायला गेलो. दंड धरून. चौकशीच्या खिडकीपाशी त्यांचे पाय डावीकडे वळू लागले तेव्हा मी जवळजवळ ओढलंच. गाडीत बसवलं, सॅक मांडीवर दिली आणि कंडक्टरला सांगितलं, "या गृहस्थांना जंक्शनशिवाय कुठं उतरू देऊ नका." कंडक्टरने त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, "पळून आलेत का?"

दुपारी वहिनींचा फोन आला. त्या स्टेशनवर बाकावर बसल्या होत्या.

"पॅसेंजर माझ्यासमोरून गेली, भाऊजी. रिकामीच होती. पाटीवर तळ्याचं नाव लिहिलेलं. एक पाय टाकलासुद्धा होता मी."

"मग?"

"मग काढला. एकटीनं बघून काय करू? कुणाला दाखवू?" मग म्हणाल्या, "हे पोचले की त्यांना रागवायचंय. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. आता मध्ये मध्ये विसरतेय."

पुढचं मला सोमवारी कळलं, तेही पडद्यापलीकडच्या भांडणातून, म्हणजे वरच्या वर. रविवारी तीच पॅसेंजर धरून गेले असते, तर परतीची एकुलती एक गाडी तासाभरात होती. तळ्यापर्यंत चालत जाऊन यायलाच दीड तास लागतो. म्हणजे काही उपयोग नव्हता. स्टेशनच्या विश्रामगृहात रात्र काढली, घरचा डबा घरच्याच चादरीवर बसून खाल्ला. आणि शनिवारी संध्याकाळी दोघं रुळांवरच्या पुलावर जाऊन उभे राहिले. तिथून लांब, अगदी टोकाला, सूर्य खाली जाताना एक पांढरी रेघ चमकली. पाच मिनिटं. मग विझली.

"तळंच होतं ते," चेनवाले म्हणत होते.

"पत्रे होते. गोदामाचे पत्रे."

"गोदाम एवढं लांबलचक असतं होय?"

"तळं असं सरळ रेघेत असतं होय?"

"मी अठ्ठावीस किलोमीटर मोजलंय वहीत. त्याच दिशेला."

"तुम्ही दिशा सांगू नका. तुम्हाला स्टँडवरून घरी येण्यापलीकडे दिशा माहीत नाही."

मी वर खुर्ची कठड्याला लावून बसलो होतो. खाली भांडण थांबून शिलाई मशीनची खटखट सुरू झाली. मला वाटलं, संपलं. पुन्हा तेच, ती झाडणार, हे पाय उचलणार. मग मशीन थांबलं आणि वहिनींचा आवाज आला, जरा हळू, सवय मोडलेल्या माणसाचा असतो तसा.

"अहो."

"काय?"

"तळ्याचं काय मग?"

चेनवाले काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी कठड्यावरून पार अर्धा खाली वाकलो होतो, हिने शर्ट धरला म्हणून वाचलो. पण "या सुट्टीत नक्की" असं काही ते म्हणाले नाहीत, एवढं खात्रीने सांगतो. नुसती वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या, "जरा मला दिसेल अशी धरा की."