चेंडू सोडून आलेला माणूस

ओल्या गवताचा वास आला की इथल्या, स्टुटगार्टच्या मैदानावरचा तो सामना आठवतो. चेंडू हातात घेऊनही खेळतात त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हौशी संघात मी नवखा होतो. कडेला उभे प्रेक्षक आमच्या सर्वांत वयस्क खेळाडूवरून वाद घालत होते. “पळवत नाही आता त्याला, बसवा!” एकजण म्हणाला. तेवढ्यात मला जोराची धडक बसली आणि मी तिथेच कडेला आडवा झालो. त्या वयस्क खेळाडूच्या हातात चेंडू होता, पण तो टाकून तो माझ्याकडे धावला. समोरच्यांनी लगेच गोल केला. “बघा, घालवला ना याने सामना!” तोच प्रेक्षक ओरडला. “गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणूनच तो संघात हवा,” शेजारच्या आजी म्हणाल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून तो वयस्क खेळाडू म्हणाला, “घाई नको, आधी श्वास घे.” परक्या देशात माझ्यासाठी कुणीतरी थांबलं होतं. मी अजून इथे खेळतोय, तो त्याच्यामुळेच.