प्लास्टरच्या हिवाळ्यातली गाडी

दिवाळी सरली आणि मी घराच्या जिन्यावरून घसरलो. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. वडगावात वरच्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. खाली घरमालकांचे माग, आणि खिडकीखाली माझी मोटरसायकल. तिच्यावरूनच मी मच्छे गावातल्या कारखान्यात जायचो.

इथं हिवाळ्यात सकाळी धुकं गल्लीत उतरतं, पत्र्यांवरून पाणी ठिबकतं. अशात गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, टाकी अर्धी असली तर आतून गंज धरतो. पायापेक्षा मला त्याचाच घोर. शेवटी बायकोला गाडीकडं बघायला सांगितलं. गाडी पुसण्यापलीकडं तिनं कधी तिला हात लावलेला नव्हता.

मदतीला घरमालकीणबाई आल्या. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. मागावरच्या साड्या घेऊन त्या नवऱ्याची मोटरसायकल स्वतः चालवत शहापूरच्या दुकानात जातात. त्यांनी आमची टाकी काठोकाठ भरून आणली. मग दोघींनी गाडी मेन स्टँडवर चढवली, वर जाड चादर टाकली.

एक दिवसाआड सकाळी बायको खाली जायची आणि मी वरच्या खिडकीतून ओरडायचो.

"पेट्रोलची कळ उघडलीस?"

"व्हय."

"चोक वड. आता मार किक. जोरात गं!"

"जरा गप बसा की! आक्खी गल्ली गोळा व्हईल."

सुरुवातीला किक उलटून तिच्या घोट्यावर बसायची. पण ती हटली नाही. पुढं दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी बोलू लागली. इंजिन तापेपर्यंत ती समोर बसून गार पडलेले हात शेकत राहायची.

एका सकाळी आवाज बदलला. स्टँड खटकन वर गेला, गिअर पडला आणि गाडी गल्लीतून दूर जाऊ लागली. मी कुबडी घेऊन लंगडत खिडकी गाठली. खाली फक्त धुकं.

"अगं ए! गाडी कोण नेतंय?"

उत्तर आक्कांचं आलं. "वरडू नकासा, भाऊ. तीच गेलीया."

"तीच?"

"मग! दुपारी मैदानावर आमच्या गाडीवर शिकली. लायसनबी काढलंय. तुम्हास्नी सांगू नका म्हणालती."

थोड्या वेळानं आवाज परत आला. ती वर आली तेव्हा नाक लाल झालेलं, केसांवर दव.

"न विचारता नेलीस?"

"तुम्हीच म्हणालासा न्हवं, चाकं एका जाग्यावर ऱ्हायली की टायर बसतंय? म्हणून फिरवली."

रागवायचं मनात होतं, पण हसूच आलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

प्लास्टर निघालं तरी डॉक्टरांकडं व्यायामाला जावं लागे. ती मला मागं बसवून न्यायची. मी कुबडी आडवी धरून बसायचो. खड्डा आला की ती आधीच वेग कमी करायची आणि तो ओलांडून झाल्यावर विचारायची, "लागलं न्हाय न्हवं?" इतकी वर्षं मी तिला मागं बसवून नेलं, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. तिच्या पाठीआड वारा लागत नव्हता. मी निवांत बसून राहायचो.

थंडी सरता सरता एका रविवारी ती मला घेऊन निपाणीला माहेरी निघाली. हायवेवर तिनं घाई केली नाही. वाटेत दोनदा थांबून माझा पाय मोकळा करायला लावला. दारात गाडी थांबली तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. पुढं लेक, मागं जावई.

"तू चालवत आणलीस?"

"व्हय, आई."

त्या आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. आधी तो लेकीवरून ओवाळला, मग माझ्यावरून, आणि जरा थांबून गाडीवरूनही. मग तो लांब टाकून म्हणाल्या, "चला आत. चा ठेवते."