झाकलेला आलेख

सोनाळ्याचा गोपाल घरात शिरला की अंगण चिडीचूप व्हायचं. माणूस कसला, जमदग्नीचा अवतार! बैल चुकला तर बैलाला, बायको चुकली तर बायकोला. हात आधी, विचार मागून. त्याचीच धाकटी बहीण प्रतीक्षा. ही पोट्टी पुण्यात राहून एक हलका कण शोधत होती, विज्ञानाच्या आजवरच्या यादीत नसलेला. तो असलाच, तर तिच्या आलेखावर एवढासा उंचवटा दिसणार होता. पण त्या कामाची रीत मोठी कडक. उंचवटा जिथं यायचा तो भाग, मोजायची पद्धत पक्की होईस्तोवर झाकून ठेवायचा. स्वतःसुद्धा बघायचं नाही. आधी बघितलं की मन हवं तेच शोधतं, आणि सगळी मेहनत मातीत!

दिवाळीला ती घरी आली. तिचं पुण्यात कुणाशी जुळलंय, अशी पुडी कुणा मेल्यानं गावात सोडली होती. गोपालनं फोन हिसकावला, फोटो पाहिले, निरोप वाचले. काही नाही. मग लॅपटॉप. त्यात एकच फाईल उघडेना.

"उघड व हे!"

"नाई उघडत, दादा. ते मीच नाई पाह्यलं अजून."

"मले येडा समजतं का? सोताचं सोतापासून कोनी लपवते का?"

थोबाडीत बसली तशी ती भिंतीवर आदळली. ओठ फाटला. उघडलं असतं तर सुटली असती, पण नाही म्हणजे नाही! त्यानं दारामागचा दांडा उचलला. तिनं लॅपटॉप पोटाशी धरला आणि उजवा हात आडवा घातला.

हाड मोडल्याचा आवाज चुलीपाशी ऐकू गेला. आई, सोजराबाई, पोळपाट घेऊन धावली आणि तो लेकाच्या कपाळावर हाणला. गोपाल खाली बसला, कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलेलं.

"तुया बापाचा मार म्या खाल्ला," ती ओरडली. "पोरीले पुन्हा हात लावशीन तर मुडदा पाडीन तुया!"

दुसऱ्याच दिवशी ती लेकीसोबत पुण्याला गेली, आणि तिथंच राहिली.

प्लास्टर निघायच्या आतच मोजायची पद्धत पक्की ठरली आणि आलेख उघडायची परवानगी आली. प्रतीक्षानं डाव्या हातानं बटण दाबलं. रेघ सपाट होती. उंचवटा नव्हता.

"निंघालं का व काई?"

"नाई, आई. काहीच नाई." तिला रडू आवरेना.

सोजराबाईनं वाकून ती रेघ पाहिली. "गोपाललेबी काई भेटलं नवतं," ती म्हणाली. "त्यानं हात मोडला. तू काय करशीन?"

"नाई सापडला, असं लिहीन."

"मंग लिही," म्हणत आईनं तिचं प्लास्टर उचलून आपल्या मांडीवर घेतलं.