गिरिजाच्या वरातीतलं इंग्रजी गाणं

बुंदीचं जेवण पोटात गेल्यावर झोप आवरत नाही, आणि मंगल कार्यालयात रचून ठेवलेल्या गाद्या तर आवतणच देत असतात. बेंजो शेजारी ठेवून मी त्यांच्यावर आडवा होतो. संध्याकाळी गिरिजाची वरात आहे. इचलकरंजीच्या आमच्या बेंजो पार्टीनं वराती पुष्कळ वाजवल्या, पण ही घरची, कारण गिरिजा आमच्या रामलिंग मास्तरांची मुलगी. मास्तर गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून बेंजो माझ्याकडे आहे.

गिरिजानं माझ्याकडे एकच मागितलंय, वरातीत बाबांचं इंग्रजी गाणं वाजवा. ते लांब केसांच्या, फाटके स्वेटर घालणाऱ्या अमेरिकन पोरांचं. मास्तरांनी ते कुणाच्या तरी कॅसेटवर ऐकलं आणि एक शब्द न कळता बेंजोवर बसवलं. आमच्या गल्ल्या त्यावर वर्षानुवर्षं नाचल्या. आज सकाळी मात्र नवऱ्याकडच्या एका पुण्याच्या इंजिनिअरनं मला बाजूला घेतलं. "काका, हे ग्रंज आहे. जगण्याला कंटाळलेल्या पोरांचं उदास गाणं. लग्नात कसं चालेल?" मी मान डोलावली. अपशकुन माझ्या हातून नको. आता पोरीला नाही कसं म्हणायचं, या विचारातच डोळे जड होतात.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

मास्तर आहेत. दाढी गुळगुळीत, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, हातात बुंदीचा द्रोण.

"मास्तर, तुम्ही तर गेलात."

"व्हय. म्हणून लेकीच्या लग्नाला यायचं न्हाई व्हय? मसालेभातात मीठ कमी हाय, आचाऱ्याला सांग."

मला इतकं बरं वाटतं की मी उगीचच हसत सुटतो. मग पुण्याच्या पाहुण्याचं सगळं सांगतो. मास्तर बुंदी खात ऐकतात. आम्ही बसलोय ती गादी नाही, सुताची पोती आहेत. यंत्रमागाच्या शेडमध्ये लाईट गेलीय आणि सगळे माग गप्प आहेत. अंधारात कांड्या भरणाऱ्या बायका तोंडातल्या तोंडात गुणगुणतात.

"ऐकालायस न्हवं? हे त्या गाण्याचं कडवं. हळू. शब्द कुणाला कळू ने असं."

एवढ्यात लाईट येते. सगळे माग एकदम खडखडायला लागतात, पोती हादरतात, मास्तर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडतात, "आन हे धृपद."

"पण अर्थ काय मास्तर?"

"अर्थ कसला, लेका. त्या पोराला रडू यालंय. चारचौघांत रडायची लाज वाटालीय, म्हणून वरडालाय."

"मग तेच म्हणतोय मी. रडकं गाणं लग्नात कसं वाजवू?"

मास्तर हसतात. बघतो तर शेड नाही, चौक आहे आणि वरात थांबलीय. ट्रॉलीवर आमचा बेंजो, पुढे नाचणारी माणसं, पण आवाज कसलाच नाही. सगळ्यांत मागे एक बाप उपरणं तोंडावर धरून उभा आहे. तो कुणाचा बाप, ते मला ओळखू येत नाही.

"लेक सासरी निघाली की बाप काय करतुया? वाजाप लावतुया. मोठ्यानं. कशाला रं?"

मी त्या उपरण्याकडे बघतो.

"हुंदका कुणाला ऐकू जाऊ ने म्हणून. जन्मभर मी नाचणाऱ्यांसाठी न्हाई, त्या मागच्या माणसासाठी वाजवलं. आज मागं हुबं ऱ्हायची पाळी माझी हाय. आन तू मला गोड गाणं ऐकीवणार?"

मी बेंजो त्यांच्यापुढे सरकवतो. "तुम्हीच वाजवा मास्तर," मी म्हणतो.

"हात पोचत न्हाई आता. तू वाजीव." तरी ते बेंजोवर वाकतात. त्यांची पाठ माझ्याकडे आहे, काय करतात ते दिसत नाही.

"अण्णूकाका, उठा. ट्रॉली आली."

गिरिजा दारात उभी आहे. अर्धी वेणी घातलेली, गजरा हातातच. मी डोळे चोळत बेंजो मांडीवर घेतो. तिला काय सांगायचं ते अजून जमलेलं नाही, म्हणून सवयीनं तारा छेडतो. खर्जाची तार गुरगुरते. ती पार उतरलेली आहे. मास्तर ती तेवढ्या एका गाण्यासाठी उतरवायचे. पाहुणा बोलून गेल्यावर मी सकाळी ती माझ्या हातानं पुन्हा कसून चढवली होती.

गिरिजाच्याही कानाला ते कळतं. ती गजरा हातात धरून तशीच थांबते.

"काका, बाबांचं गाणं वाजवणार?"

"पहिलं तेच. आणि हे बघ, तुला रडायचं असेल तर धृपदात रड. कुणाला ऐकू जाणार नाही."