दोनदा दाबणारे मामा

कुठलीही गोष्ट एकदा केली की झाली, यावर माझ्या बायकोच्या मामांचा आजतागायत विश्वास बसलेला नाही. कुलूप लावलं की ते दोनदा ओढणार, दार दोनदा वाजवणार, एसटीत कोल्हारचं तिकीट हातात पडलं तरी कंडक्टरला "कोल्हारच ना?" म्हणून परत विचारणार. मतदान यंत्राचं बटण त्यांनी दोनदा दाबलं आणि तिथल्या बाईंना "गेलं का नक्की?" असं विचारत बसले, तेव्हा त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं. आमच्या लग्नात आम्ही पाया पडलो तर आशीर्वाद दिला, आणि उठतोय तोवर खांदे धरून परत वाकवलं आणि दुसऱ्यांदा दिला. प्रवरेकाठच्या पाणीसंस्थेच्या मोटारीवर त्यांची सगळी नोकरी झाली. हिरवं बटण दाबायचं आणि नदीचं पाणी वरच्या उसाला चढवायचं. बेभरवशाच्या विजेपायी माणूस असा झाला असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

मागच्या वर्षी पुण्याच्या लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला आणि माझ्या मागे साडेसाती लागली. मी राहात्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे तक्रार माझ्याकडेच येणार. मामा फोन करत नाहीत, दोन मिस्ड कॉल देतात. मी उलटा फोन लावला तर म्हणाले, "जावईबापू, ह्याला जुळं व्हायला लागलंय. एक खिडकी मागावी तर दोन येत्यात." स्क्रीनच्या तळाला छोट्या चित्रांची एक पट्टी होती, त्यातलं चित्र दाबलं की तो प्रोग्रॅम उघडायचा. मामांच्या घरी प्रत्येक प्रोग्रॅम जोडीनं उघडत होता. मी स्कूटर काढली, नवा माउस लावला. माझ्यासमोर सगळं सुरळीत, आणि राहात्याला पोचतोय तोवर दोन मिस्ड कॉल. दुसऱ्या खेपेला पट्टी काढून नव्यानं बसवली, व्हायरस शोधला, मामींचा चहा दोनदा प्यालो. तिसऱ्या खेपेला कुठे मला अक्कल आली आणि मी स्क्रीनऐवजी मामांच्या बोटाकडे पाहिलं. टक-टक. मधल्या मोठ्या चित्रांना दोनदा दाबावं लागतं, पट्टीतल्यांना एकदाच पुरतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं आणि मग म्हणाले, "कळलं. पन एकदाच दाबून मनाला पटत न्हाई."

मग एका गुरुवारी चार मिस्ड कॉल आले, तेव्हा मी घाबरलोच. गेलो तर मामा कीबोर्डवर हात ठेवून नुसते बसलेले. रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, लेक आणि सगळे पाहुणे येणार होते, आणि सगळ्यांसमोर वाचायला मामा गुपचूप मामींविषयी काहीतरी लिहीत होते. मामी समजत होत्या, कालव्याच्या पाण्याचा अर्ज चाललाय. त्या लिखाणाचं चित्र मामांनी पट्टीतच ठेवलं होतं. टक-टक झालं की तेच लिखाण दोन खिडक्यांत उघडायचं. सकाळी एका खिडकीत पाच पानं लिहून झाली, दुपारी चुकून दुसऱ्या, अजून कोऱ्याच असलेल्या खिडकीत शेवटच्या चार ओळी लिहिल्या, आणि सेव्ह केलं तेही दोनदा. सकाळची पाच पानं पुसून गेली. मामींना ऐकू जाऊ नये म्हणून मामा कुजबुजले, "पन्नास वर्सांत एकदा बोलायचं ठरवलं, ते बी गेलं."

मला फार वाईट वाटलं. पण चालू मोटार उगाच बंद करायची नाही हा मामांचा जुना बाणा, त्यामुळे उघडलेली खिडकी त्यांनी कधी बंद केलीच नव्हती. मी एकेक खिडकी बाजूला सारत गेलो. अकराव्या खिडकीत पाचही पानं जशीच्या तशी निघाली. मामांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. प्रोग्रॅम आधीच उघडा असेल तर तीच खिडकी पुढे आणायची, अशी सोय मी पट्टीत करून दिली आणि पानांची प्रत काढली, अर्थातच दोन.

रविवारी संध्याकाळी मामा वाचायला उभे राहिले तेव्हा मामींनी "अर्ज कुनाला लिव्हलाय?" म्हणून सगळ्यांना हसवलं. मामांनी वाचलं, "मोटार चालू केली की गावातले दिवे क्षणभर मंद व्हायचे. मी संध्याकाळी मोटार चालू करून बंद करायचो आणि परत चालू करायचो. घरचा दिवा दोनदा मंद झाला की तू तवा ठेवायचीस. मी चढ चढून येईस्तोवर भाकरी ताटात असायची. 'येतोय' म्हणून तुला तोंडानं कधी सांगितलं नाही. आता मोटार मोबाईलवर चालते, गावाची लाईन वेगळी झाली. पण बोटाला ते पटत नाही."

एरवी प्रत्येक वाक्याला उत्तर देणाऱ्या मामी उठून आत गेल्या. पाणी प्यायला गेल्या असतील असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात आत बटण खटकलं, आमच्या डोक्यावरचा दिवा गेला आणि आला. परत गेला, परत आला.

मामांनी कागदाची घडी खिशात घातली आणि म्हणाले, "चला, भाकरी टाकली तिनं."

त्या दिवशी स्वयंपाकाला आचारी सांगितलेला होता, जेवणात जिलेबी होती. मामा आत गेले, आणि पंगत बसली तरी आम्ही बराच वेळ त्या दोघांना हाक मारली नाही.