राजूरची जवळची वाट

जालन्याला माझ्या शेजारी मोजणी खात्यातले एक कारकून राहत. भाजी आणायला निघाले तरी "उत्तरेकडं चाल्लो" असं सांगून जात.

त्यांच्या बायकोनं राजूरच्या गणपतीला पायी जायचा नवस केला होता, आणि वहिनींचे गुडघे दुखत. म्हणून महिनाभर ते ओसरीत नकाशे पसरून, त्यांवर दोरा ठेवून जवळची वाट शोधत होते.

"मास्तर, सडकेनं कशाला? ह्या गाडीवाटेनं बराबर दीड कोस वाचतो," ते मला म्हणाले.

चतुर्थीला पहाटेच आम्ही तिघं निघालो. दुपारी ती गाडीवाट एका ज्वारीच्या शेतात शिरली आणि संपली. जवळच एक म्हातारी मेंढ्या चारत होती.

"वाट कव्हाच मोडली, बाबा. आता न्हाई," ती म्हणाली.

"नकाशात आहे," ते म्हणाले.

"मंग नकाशातून जा."

वहिनींना हसू आवरेना, आणि उभंही राहवेना. बांधावर सगळे सराटे. कारकुनांनी क्षणभर नकाशाकडं पाहिलं, तो चौघडी करून बांधावर अंथरला, वहिनींना त्यावर बसवलं आणि हात जोडून म्हणाले, "आजी, गुडघे दुखणाऱ्या माणसानं कुठून जावं, तेवढं सांगा."

तिनं सांगितलेल्या वाटेनं आम्ही संध्याकाळी राजूरला पोचलो. वहिनींनी नवस फेडला. ते मात्र डोळे मिटून बराच वेळ उभे होते. काय मागितलं, असं मी विचारलं.

"परतीच्या एसटीत हिला बसायला जागा," ते म्हणाले.