ठिकाण नसलेलं वाक्य

सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर दुपारी नेहमी भेटणारे काका लोकांच्या तोंडची इंग्रजी वाक्यं वहीत उतरवतात. एका घडणीची वाक्यं एका पानावर, आणि प्रत्येकापुढे ऐकल्याचं ठिकाण: कोर्ट, दवाखाना, धरमपेठची बेकरी. मग ती पुटपुटत बसतात, इतकी हळू की मलाही गुंगी येते.

एकदा ‘इफ आय हॅड’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचं पान दाखवत म्हणाले, “पाहा भाऊ, इथं सारेच पस्तावून राहिले.”

शेवटचं वाक्य होतं, ‘इफ आय हॅड स्टॉप्ड हर...’ त्यापुढे ठिकाण नव्हतं.

“हे कुठं ऐकलं?” मी विचारलं.

काकांनी तळहातानं ते वाक्य झाकलं. “तुमची गाडी आली भाऊ,” ते म्हणाले.

रूळ दूरपर्यंत रिकामे होते. मी तरीही उठलो.